वासोटा राहू द्या, आधी शनिवारी जरंडा करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई साताऱ्यात एका बँकेच्या शाखेत अधिकारी आहेत. टार्गेट, ऑडिट, रात्री अकरा वाजता ग्रुपवर येणारे मेसेज. झोप तुटक झाली आहे, चिडचिड घरच्यांवर निघते. एक दिवस कुणालाच सोबत न घेता डोंगरात जाऊन यावं असं मनात आहे आणि वासोटा किल्ला ठरवला आहे. कॉलेजात असताना थोडेफार ट्रेक झाले, पण एकटीने कधी नाही. जावं का, धोका किती, आणि याने डोकं खरंच शांत होतं का, हे त्यांना हवं आहे. शिवाय बहीण सांगलीत असते, तिकडे गेल्यावर असं काही जमेल का, हेही.

मी बरीच वर्षं सह्याद्रीत लोकांना घेऊन जातो, आणि अडकलेल्यांना खाली आणायलाही जातो. दुसऱ्या कामामुळे मत जरा कडक झालंय, ते गृहीत धरून वाचा.

जा. एकट्याच जा. पण वासोट्याला नको.

वासोटा वाईट म्हणून नव्हे. एकटीने आणि मन मोकळं करायला जायचं, तर त्याची सगळी रचनाच उलटी पडते. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीने तासाच्या वर प्रवास करायचा. बोट अख्खी ठरवावी लागते. म्हणजे एकट्या माणसाने एक तर सगळ्यांचे पैसे भरायचे, नाही तर अनोळखी घोळक्यात सामील व्हायचं. पुढे वन विभागाची नोंद, परवानगी, सामानाची तपासणी. परतीची वेळ बोटवाल्याच्या हातात, त्यामुळे वर पोहोचलात की लगेच घड्याळाकडे बघणं सुरू. हा कोयना अभयारण्याचा गाभा आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. गवे आहेत, अस्वलं आहेत, दाट झाडी आहे, मोबाइलला रेंज नाही. पाय मुरगळला तर हाक ऐकायला दुसरा गट येईपर्यंत थांबायचं. ओळखीच्या चार माणसांबरोबर हिवाळ्यात वासोटा जरूर करा, आयुष्यभर लक्षात राहील. पण सुटका म्हणून शोधलेला दिवस वेळापत्रकात अडकवायचा कशाला? ते बँकेत आहेच.

माझा साधा नियम आहे. पहिल्यांदा एकट्याने जायचं तर देवाचा डोंगर निवडावा आणि देवाच्या वारी जावं.

जरंडेश्वर, म्हणजेच जरंडा घ्या. साताऱ्याहून कोरेगावच्या रस्त्याला लागलं, माहुलीला कृष्णा ओलांडली की समोर दिसतो तो. वर मारुती. हनुमान द्रोणागिरी घेऊन जाताना त्याचा एक तुकडा इथे पडला अशी कथा सांगतात, म्हणून इथल्या झाडपाल्याला औषधी मान. शनिवारी सकाळी या वाटेवर माणूस असतो. म्हातारेकोतारे असतात, तेलाची बाटली घेतलेली पोरं असतात, नवस फेडायला निघालेली अख्खी घरं असतात. तुम्ही कुणाशीही एक शब्द न बोलता चढू शकता. पण पाय घसरला तर पुढच्या पाच-दहा मिनिटांत मागून कुणीतरी येणारच. डोंगरात एकटं असावं, निर्जन जागी असू नये, आणि हे गणित देवाच्या वारी आपोआप जुळतं. बाईमाणसाला त्याचा जास्तच उपयोग, कारण स्पष्ट बोलायचं तर बिबट्यापेक्षा टवाळ पोरांच्या टोळक्याची काळजी जास्त करावी लागते. जिथे लोक चपला काढून दर्शनाला चढतात, तिथे ही टोळकी टिकत नाहीत. ती रविवारी दुपारी, जिथे गाडी वरपर्यंत जाते आणि सेल्फी चांगला येतो, तिथे सापडतात.

याच हिशोबाने सोमवारी सुट्टी मिळाली तर देगावजवळचं पाटेश्वर. गर्द झाडी, पुष्करणी, आणि कातळात कोरलेल्या असंख्य पिंडी. चाल थोडी, पण जागा अशी की दोन तास कुठे गेले कळत नाही. गुरुवारी सज्जनगड. तिथे गाडी बरीच वर जाते म्हणून ट्रेकवाले नाक मुरडतात. मुरडू द्यात. परळीच्या बाजूने चालत गेलं तर चढही मिळतो, आणि दुपारी समर्थांच्या मठात प्रसादाच्या पंगतीला बसता येतं. कऱ्हाडकडे कामानिमित्त गेलात तर सदाशिवगड. पहाटेपासून पायऱ्यांवर चढणारे नेमाचे लोक असतात. आणि अजिंक्यतारा तर घरचाच. पहाटेच्या फिरणाऱ्यांमुळे तिथे एकटेपण मिळत नाही, पण पायांची परीक्षा घ्यायला त्याच्याइतकी सोयीची जागा नाही. आधी दोन-तीनदा अजिंक्यतारा न थांबता चढून बघा, मग जरंडा. कासचं म्हणाल, तर फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी तिकडे फिरकू नका. गाड्यांच्या रांगेत डोकं शांत झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

कल्याणगड आणि वैराटगड मी पुढच्या टप्प्यासाठी ठेवीन. कल्याणगडाच्या पोटात गुहा आहे, आत पाणी आणि मूर्ती, अंधार. एकटीने असाल तर दारातूनच नमस्कार करायचा. वैराटगड व्याजवाडीकडून सुंदर आहे, पण घसारा, म्हणजे सुट्या मुरमाचा घसरडा उतार आहे आणि आडवारी वाटेवर कुणीच भेटत नाही.

आता डोक्याचं. डोंगर चढलं की ताण जातो असं मी म्हणणार नाही. होतं असं की पहिला तासभर बँक तुमच्याबरोबर चढते. कोण काय म्हणालं, मी काय बोलायला हवं होतं, सोमवारी काय होणार, सगळं चालू असतं. बरेच लोक इथेच वैतागतात, ‘मला तर काहीच शांत वाटत नाहीये’ म्हणून कानात गाणी घालतात. गाणी नकोत. एक तर मागून काय येतंय ते ऐकू आलं पाहिजे, आणि दुसरं, ती बडबड बोलून संपायची असते. चढ तीव्र झाला, दम लागला की ती तुटायला लागते, कारण पाय कुठे टाकायचा याकडे लक्ष द्यावंच लागतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही जणांना ९० मिनिटं झाडं आणि गवत असलेल्या भागातून चालवलं, काहींना वर्दळीच्या रस्त्याच्या कडेने. पहिल्या गटात तेच तेच उगाळत बसणं कमी झालेलं आढळलं, दुसऱ्यात नाही. ९० मिनिटं हा आकडा मला आमच्या अनुभवाशीही जुळणारा वाटतो. अर्ध्या तासात उतरून आलात तर फक्त व्यायाम होतो.

त्या दिवशी कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. नोकरी सोडायची का, बदली मागायची का, साहेबांना उत्तर काय द्यायचं, हे घेऊन वर गेलात तर डोंगरावर मीटिंग भरते. वेग इतका ठेवा की मोठ्याने एखादं वाक्य बोलता आलं पाहिजे. वर गेल्यावर किमान पाऊण तास बसा. पहिली दहा-पंधरा मिनिटं हात आपोआप फोनकडे जातो, ती जाऊ द्यायची. जरंड्यावरून सातारा शहर, अजिंक्यतारा, कृष्णेचं खोरं सगळं दिसतं. आपली शाखा कुठल्या बाजूला आहे हे शोधायचा मोह सगळ्यांनाच होतो, शोधा आणि सोडून द्या. वानरं मात्र बसू देणार नाहीत, पिशवी पायांत अडकवून बसा आणि डबा त्यांच्यासमोर उघडू नका.

आणि एकच डोंगर पुन्हा पुन्हा करा. हे लोकांना पटत नाही, सगळ्यांना यादी पूर्ण करायची असते. किल्ले मोजायला लागलात की ते दुसरं टार्गेट झालं. तोच डोंगर चौथ्यांदा चढताना वाट शोधावी लागत नाही, पुढचं वळण पायाला माहीत असतं, आणि मन खरं मोकळं होतं ते तेव्हा. पहिल्या खेपेला अर्धं लक्ष भीतीतच जातं. म्हणून एका शनिवारवर मत बनवू नका.

शनिवारच का, याला मारुतीशिवाय आणखी एक कारण आहे. रविवारी पाय धरतात. सोमवारी काउंटरमागे उभं राहताना मांड्या ओरडत असतील तर तुम्ही डोंगरालाच शिव्या घालाल. महिन्यातला दुसरा किंवा चौथा शनिवार तुम्हाला सुट्टीचा असतो, तेवढा पुरे.

वेळेचं गणित आदल्या रात्री कागदावर करा. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक अंदाज बांधून दिला होता, तो अजून वापरतात: ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर उंचीला एक तास जास्त. समजा वाट ३ किलोमीटरची आणि चढ ४०० मीटरचा. म्हणजे ३६ मिनिटं अधिक ४० मिनिटं, सव्वा तास. पण नाइस्मिथ स्कॉटलंडच्या थंडीत चालत होता. आपल्या उन्हात, सवय नसताना, याची दीडपट धरा, दोन तास. उतरायलाही जवळपास तेवढेच, कारण घसाऱ्यावर घाई चालत नाही. अपघात जास्त उतरतानाच होतात. वर पोहोचल्यावर माणूस सैल होतो, गुडघे थकलेले असतात आणि डोकं घरी पोहोचलेलं असतं. मुरमाड उतारावर पाऊल आडवं, छोटं टाकायचं, आणि बसून घसरायची वेळ आली तर लाज बाळगायची नाही.

सकाळी उजाडल्यावर सुरुवात. अंधारात नको आणि तिन्हीसांजेलाही नको, बिबट्याची फेरी त्याच वेळांना असते आणि साताऱ्याच्या आसपास तो आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, झाडीत त्याआधीच अंधारतं. परतीची वेळ आधी ठरवा, समजा अकरा. अकराला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, देऊळ दहा मिनिटांवर दिसत असलं तरी. मारुतीराया पुढच्या शनिवारीही तिथेच असतात.

घरी एका माणसाला लेखी सांगा: कुठला डोंगर, कुठल्या गावाकडून, गाडी कुठे लावली, किती वाजता खाली येऊन फोन करीन, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. हा शेवटचा भाग सगळे विसरतात. मग घरचे रात्री दहापर्यंत ‘येईल, येईल’ म्हणत बसतात आणि आमच्यासारख्यांना अंधारात शोधायला निघावं लागतं. माझ्या मते ठरल्या वेळेनंतर दोन तास थांबून ११२ ला फोन करायचा, संकोच न करता. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि जंगलातली भानगड असेल तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

दुसरी सूचना गावातल्या शेवटच्या घरी. पायथ्याला गाडी लावताना अंगणात जी मावशी दिसेल तिला सांगायचं, ‘मावशी, वर दर्शनाला जाते, दुपारी एकपर्यंत येते, गाडी इथे चालेल ना?’ एवढं पुरेसं आहे. तुम्ही आला नाहीत हे पहिल्यांदा तिच्या लक्षात येतं. वाट कुठे फुटते, मोहोळ कुठे लागलंय, कुठल्या बाजूला वणवा लागून गेलाय, हे कुठल्याही नकाशापेक्षा तिला ताजं माहीत असतं. उतरल्यावर तिथे चहा होतोच.

मोहोळाचं जरा गांभीर्याने घ्या. डोंगरात मला सापापेक्षा आग्या मोहोळाची भीती जास्त वाटते. कातळकड्याच्या कपारीत, जुन्या बांधकामावर पोळी लोंबतात. अत्तर, सुवासिक तेल, धूर, आरडाओरडा, फोटोचा फ्लॅश, सगळं टाळा. माश्या उठल्याच तर हातवारे करत उभं राहायचं नाही. ओढणीने तोंड-मान झाकून आलेल्या वाटेने लांब जायचं. साप बहुतेक वेळा दिसण्याआधी निघून जातो. कोरड्या दगडी उतारावर फुरसं असतं, म्हणून न बघता दगडावर हात टेकायचा नाही, गवतात पाय घालताना काठी पुढे. चावलाच तर हालचाल बंद, घट्ट दोरी बांधायची नाही, चिरायचं-चोखायचं नाही, सरळ सरकारी रुग्णालय, प्रतिविष तिथे असतं. आणि धनगरवाड्यांवरची कुत्री: पळू नका, थांबा, मालकाला हाक मारा. काठी त्यासाठीही लागते.

वाट चुकली तर एक गोष्ट डोक्यात पक्की हवी: ओढ्याने खाली उतरायचं नाही. मैदानी प्रदेशात ओढा धरला की गाव लागतं, इथे कडा लागतो. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला आहे. कठीण कातळाचा थर उभा कडा होतो, मधला मऊ थर झिजून उतार किंवा सपाटी होते, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. ओढा प्रत्येक पायरीवरून धबधबा होऊन उडी मारतो. त्याच्या मागे गेलेला माणूस दोन कातळांच्या मध्ये अडकतो, ना वर जाता येत ना खाली. गावकऱ्यांची वाट कातळ फुटलेली नेमकी जागा शोधून जाते. ती सुटली की थांबा, बसा, पाणी प्या, आणि जिथे खात्रीची वाट होती तिथपर्यंत मागे या. ढोरवाटा फसव्या असतात, गुरांना देवळात जायचं नसतं. अगदीच अडकलात तर शिट्टी: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. घसा बसतो, शिट्टी बसत नाही.

पिशवीत फार काही नको. पाणी हिवाळ्यातही अडीच लिटर, त्यात एका बाटलीत ओआरएस. टाक्यातलं पाणी शुद्ध न करता पिऊ नका. भाकरी-ठेचा किंवा दशमी, गूळ-शेंगदाणे, एखादं संत्रं. दिवसाच परतणार असलात तरी विजेरी. क्रेप बँडेज, शिट्टी, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवलेला. फोन फ्लाइट मोडवर ठेवा, रेंज शोधत बसला की बॅटरी लवकर उतरते, आणि ग्रुपवरचे मेसेजही येत नाहीत. पूर्ण पायाची पँट, कारण दिवाळीनंतर कुसळं अशी लागतात की मोजे फेकून द्यावे लागतात. बूट नवे असतील तर आधी आठवडाभर बाजारात घालून फिरा.

ऋतूचं थोडक्यात: तुम्हाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे नेमकी तुमच्या इयर एंडिंगची धावपळ असते तेव्हा, उजाडताच निघून दहाच्या आत खाली यायला हवं, आणि वणव्याचा धूर दिसला तर त्या बाजूला जायचंच नाही. वाळलेल्या गवतात आग वरच्या दिशेने माणसापेक्षा वेगाने धावते. पावसाळ्यात धुक्यात एकटीने नको, पायऱ्यांचा गड असेल तरच.

एक गोष्ट आडून सांगण्यात अर्थ नाही. झोप गेली आहे, चिडचिड होते, इथपर्यंत डोंगर उपयोगी आहे. पण बरेच आठवडे सकाळी उठूच नये असं वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर एकटीने कड्याच्या बाजूला जाऊ नका. आधी डॉक्टर. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही मराठीत बोलता येतं. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटलं नाही, तरीही सांगतो, कारण अशी माणसं मी डोंगरात पाहिली आहेत.

सांगलीचं. शहराच्या आसपास डोंगर नाही म्हणून तिथले लोक हळहळतात, पण मिरजेच्या पुढे भोशाजवळ दंडोबा आहे. कातळात खोदलेलं महादेवाचं देऊळ, भोवती वन विभागाची झाडी, चढ इतका हलका की बहिणीलाही नेता येईल. वार सोमवार, श्रावणात मात्र जत्रेसारखी गर्दी असते. जरा जास्त चालायचं असेल तर देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर अभयारण्य. खाली जुन्या देवळांचा समूह, वर हरणं-सांबरं, प्रवेशद्वारावर नोंद होते, त्यामुळे तुम्ही आत आहात हे कुणाला तरी माहीत असतं. दंडोब्याला सकाळी सातपर्यंत पोहोचा. दहानंतर त्या बाजूचं ऊन साताऱ्याच्या उन्हासारखं नाही, आणि पाणी घरूनच भरून न्या.